फाटकापलीकडचं बिऱ्हाड

चुंग यून-लाय,

भाडेकरू म्हणून तू वाईट होतास, हे आधी सांगून टाकते. माझ्या गच्चीवर तू मोहरीचा पाला वाळत घालायचास, त्याचा आंबूस वास दोन उन्हाळे माझ्या पडद्यांत मुक्कामाला होता. खडीने पांढरे झालेले बूट जिन्यातच काढायचास. आणि जेवताना मान वर करून छताकडे बघत बसायचास, जणू माझ्या स्वयंपाकघरातूनही तार जायची होती. हे सगळं तुला तोंडावर सांगून झालं आहे, तेव्हा इथे पुन्हा सांगायला हरकत नाही.

लिहायला बसले त्याचं कारण वेगळं. शाळेत एक नवीन शिक्षिका आली आहे, तायपेईची. परवा तिने वर्ग रेल्वेच्या फाटकापाशी नेला आणि मुलांना सांगितलं, की गावची जमीन राखणाऱ्या जमीनआजोबांचं देऊळ रुळांच्या अलीकडे आणि जमीनआजीचं पलीकडे, कारण पूर्वी त्या दोघांचं भांडण झालं होतं. भांडण! असल्या गोष्टी गावाला एकदा चिकटल्या की धुऊन निघत नाहीत. म्हणून खरं काय झालं ते लिहून ठेवते. तुला सगळं ठाऊकच आहे. तू गप्प बस आणि दुरुस्त्या सुचवू नकोस.

तर, चुंग आमच्या खेतिंग गावात आला तेव्हा पन्नाशी उलटलेला होता. बुटका, रुंद खांद्यांचा, कपाळावर हेल्मेटचा वळ कायमचा उमटलेला. मूळचा म्याओलीकडचा, हक्का भाषेचा माणूस. आमचं गाव सगळं होक्लो बोलणारं. तो आमची भाषा बोलू लागला की ओल्या खडीवरून कोणी सायकल रेटतंय असं वाटायचं. पण तो खाली उतरायचा नाही, रेटतच न्यायचा, आणि लोक त्याला हसले की आपणही हसायचा.

आमच्या खोऱ्यातली रेल्वे तेव्हा डिझेलवरची विजेवर आणायची होती आणि तिचा मधला तुकडा त्याच्या अंगावर होता. लोकांना वाटतं, खांब रोवले, तार ओढली, बटण दाबलं की झालं. तार हे शेवटचं काम. त्याआधी बुटक्या बोगद्यातले रूळ खाली न्यायचे, पादचारी पूल उचलायचा, सिग्नलच्या जुन्या केबली बदलायच्या, वादळात तारेवर कोसळतील अशी सुपारीची झाडं काढायची. आणि यातल्या प्रत्येक कामाला कोणीतरी माणूस चिकटलेला असतो. पुलाच्या कठड्यावर कोणाच्या तरी मुळ्याच्या चकत्या वाळत असतात. सुपारीचं झाड कोणाच्या तरी मेलेल्या नवऱ्याने लावलेलं असतं. चुंगचं बरंचसं काम हे कोणाच्या तरी ओसरीवर बसून चहा पिण्याचं होतं. त्याच्या हाताखालचे अभियंते म्हणायचे, "साहेबांचा प्रकल्प विजेवर नाही, चहावर चालतो." त्याला ते मान्य होतं. फक्त मूत्राशयाची तक्रार करायचा.

खेतिंगच्या फाटकापाशी त्याला दोन अडचणी भेटल्या. पहिली लहान होती. एका खांबाचा पाया नेमका जमीनआजोबांच्या देवळावर येत होता. देऊळ कसलं, कोंबड्यांच्या खुराड्याएवढं. आत पांढऱ्या दाढीचे आजोबा आणि शेजारी अंबाडा घातलेली आजी. ते हलवावं लागणार होतं, पण जमीनआजोबा समजूतदार देव आहेत, दहा पावलं सरकायला ते नाही म्हणत नाहीत.

दुसरी अडचण आठ मीटर उंच होती.

दर वर्षी आमच्या ग्रामदेवाची, ओंग-याची पालखी देवळातून निघते आणि फाटक ओलांडून नदीवर जाते. पूर्वी एका पुरात वाहत आलेली देवाची मूर्ती ज्या काठाला लागली तिथे. पालखीच्या पुढे मानाचा झेंडा. अख्खा हिरवा बांबू, त्याच दिवशी तोडलेला, शेंड्याची पानं तशीच ठेवलेली आणि त्यांच्या खाली काळं निशाण. तो उभाच चालला पाहिजे. पानं ओली, बांबू ओला, आणि फाटकावरची तार सव्वापाच मीटरवर. पंचवीस हजार व्होल्टला शिवावंही लागत नाही, नुसतं जवळ गेलं तरी पुरतं.

तारेत वीज सोडायचा दिवस ठरला होता आणि यात्रा त्यानंतर लगेच होती. झेंडा धरणारे थिआमकाका. सत्तरी पार केलेला, पपनसाची बाग असलेला, उभ्या गावात सगळ्यात हट्टी माणूस. त्यांच्या आधी तो झेंडा त्यांच्या वडिलांनी धरला होता.

चुंग देवळाच्या मंडळासमोर जाऊन बसला. अध्यक्ष होते खो, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे. त्यांच्या नखांतलं तेल देवासमोरही निघत नसे.

"तार वर घ्या," खो म्हणाले.

"वर घेतली तर इंजिनाच्या टपावरचा वीज घेणारा हात तिथवर पोचत नाही, अध्यक्ष."

"मग इंजिनाचा हात लांब करा. तुम्ही शिकलेली माणसं."

"यात्रेपुरती वीज बंद करा ना," कोणीतरी म्हणालं.

"बंद केली तरी तार तिथेच असणार. बांबू अडणारच. आणि पालखी किती वाजता फाटकावर येते?"

यावर सगळे हसले. पालखी देवाच्या मनाला येईल तेव्हा येते. कधी दुपारी निघून संध्याकाळी पोचते, कधी कोणाच्या दारात तासभर नाचत राहते.

"दुसरी वाट?"

"देव आला त्या वाटेनेच जातो." हे थिआमकाका होते. इतका वेळ ते दाराच्या उंबऱ्यापाशी उकिडवे बसून पपनस सोलत होते. "तुमची गाडी जाते का दुसऱ्या वाटेने?"

"काका, मग बांबू थोडा आखूड—"

"शेंडा तोडायचा?"

"शेंडा नाही, बुंध्याकडून."

"माणसाला आखूड करायचं असलं की पायाकडून कापलं तर चालतं का?" काकांनी पपनसाची फोड त्याच्यापुढे धरली. "खा. गोड आहे. बांबू तेवढाच राहणार. मी उभा नेणार. जळलो तर जळलो, पंचाहत्तरीला आलोय. तुमच्या तारेखाली मेलो तर तुमचंच नाव होईल."

सगळे हसले. चुंगने ती फोड घेतली आणि तशीच खाली ठेवली. पश्चिम किनाऱ्यावर नोकरीला असताना त्याने असा एक माणूस पाहिला होता. मासे पकडून घरी चालला होता, खांद्यावर गळाची लांब काठी उभी धरलेली, तारेखालच्या फाटकातून सायकल नेत होता. चुंग पोचला तेव्हा सायकल स्टँडवर लावल्यासारखी नीट उभी होती. बाकीचं त्याने कोणाला कधी सांगितलं नाही. त्याला एवढंच कळत होतं की हा पपनस सोलणारा म्हातारा जे गमतीत बोलतोय, ते यात्रेच्या दिवशी खरं होऊ शकतं.

त्याच्या वरिष्ठांना तो फोनवर हे सांगत होता, तर ते म्हणाले, "चुंग, धोक्याचा फलक लाव, अध्यक्षांची सही घे, विषय संपला."

"सही घेतल्यावर म्हातारा जळणार नाही का, साहेब?"

"आपण जबाबदार राहणार नाही."

चुंगने फोन ठेवला आणि मोहरीच्या पाल्याचं सूप दोन वाट्या प्यायला. राग आला की तो सूप प्यायचा.

शेवटी देवालाच विचारायचं ठरलं. आमच्याकडे कौल लाकडाच्या दोन अर्धचंद्रांनी लावतात. एक पालथा, एक उताणा पडला तर होकार. दोन्ही पालथे तर नकार. दोन्ही उताणे पडून डुलत राहिले तर देव हसला, म्हणजे तुमच्या विचारण्यातच काही गोंधळ आहे.

चुंगने प्रश्न लिहूनच आणला होता. निविदा लिहावी तसा. "रेल्वेची तार तशीच ठेवून, प्रवाशांच्या आणि भाविकांच्या सुरक्षेसाठी, बांबूची उंची चार मीटरच्या आत आणण्यास अथवा पर्यायाने झेंडा तिरपा नेण्यास ओंग-या अनुमती देतील काय?" खोंनी गुडघे टेकून तो वाचला, दोनदा अडखळले आणि चंद्र टाकले.

देव हसला. पुन्हा टाकले, पुन्हा हसला. तिसऱ्यांदा देवळातल्या बायकाही हसायला लागल्या.

"अहो तारवाले," खो वळून म्हणाले, "एका वेळी एक गोष्ट विचारा. देव आहे, वकील नाही."

"बांबू आखूड करू का?" दोन्ही पालथे. नकार, आणि तोही तीनदा, अगदी ठणठणीत.

"झेंडा तिरपा नेऊ का?" यावर मात्र थिआमकाका उठून उभे राहिले. "हे विचारायचंच नाही. खो, चंद्र खाली ठेव. ओंग-याचा झेंडा झुकत नाही. कोणापुढे झुकायचा? तारेपुढे?" आणि ते तडक बाहेर गेले. खोंनी चंद्र खरंच खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी चुंग काकांच्या बागेत गेला. बोलायला काही नव्हतं, म्हणून झाडावरच्या पपनसांना कीड लागू नये म्हणून बांधतात तसे कागद बांधायला लागला. काकांनी तासभर त्याला बांधू दिलं, मग त्याने बांधलेले सगळे कागद सोडून परत नीट बांधले.

"काका, झेंडा कधीच खाली येत नाही?"

"नाही."

"वाटेत दुसऱ्या गावची पालखी भेटली तर?"

"तेव्हा येतो की."

"म्हणजे झुकतो."

"झुकत नाही हो!" काका वैतागले. "नमस्कार करतो. देवाला देव भेटला तर नमस्कार करायचा नाही? आम्ही काय जंगली आहोत? झुकणं वेगळं, नमस्कार वेगळा. दुसऱ्या देवाच्या दारापाशी झेंडा आडवा घ्यायचा आणि दार ओलांडेपर्यंत आडवाच ठेवायचा. अर्ध्यात वर केला तर अपमान."

चुंग हातातला कागद तसाच धरून उभा राहिला. मग बूटही न पुसता फाटकाकडे पळाला. काका मागून ओरडले, "दोरा तरी ठेवून जा!"

त्याच्या डोक्यात काय आलं ते सरळ होतं. जमीनआजोबांचं देऊळ तर हलवायचंच आहे. दहा पावलं इकडेतिकडे कुठे तरी नेण्यापेक्षा अगदी फाटकाच्या तोंडाशी न्यायचं. पालखी आली, आजोबांचं दार आलं, झेंड्याने नमस्कार केला. ओंग-या मोठा देव असेल, पण शेजारच्या म्हाताऱ्याला नमस्कार करण्यात त्याला कमीपणा नाही. हे सगळ्यांना पटलं, खोंना तर इतकं पटलं की ती आपलीच कल्पना होती असं ते अजूनही सांगतात.

पण काकांनी फाटकात उभं राहून हातातल्या काठीने दाखवलं. "हे आजोबांचं दार. इथे नमस्कार. दार संपलं, झेंडा वर. आणि रूळ कुठे आहेत? दाराच्या पुढे. म्हणजे बरोब्बर तुमच्या तारेखाली मी झेंडा उभा करणार. वा, तारवाले!"

चुंग रुळांच्या मधोमध खाली बसला. सिग्नलवाला शिट्टी मारून ओरडेपर्यंत उठला नाही.

"देऊळ पलीकडे नेलं तर?" खो म्हणाले.

"मग पलीकडे पोचेपर्यंत झेंडा उभाच."

"दोन देव हवेत," काका म्हणाले. "एक इकडे, एक तिकडे. पण दोन देव आणायचे कुठून?"

खुराड्याएवढ्या देवळात आजोबांच्या शेजारी आजी बसली होती. तिघांनीही तिच्याकडे पाहिलं आणि तिघांनीही मान खाली घातली. आजोबांच्या दारापासून आजीच्या दारापर्यंत झेंडा आडवा राहिला असता. नवऱ्याला नमस्कार केला आणि बायकोला करायच्या आत ताठ उभं राहिलं, असं कोणताही सभ्य झेंडा करणार नाही. हिशेब चोख बसत होता. पण म्हाताऱ्या जोडप्याला रुळांच्या दोन बाजूंना बसवायचं? मधून दिवसभर गाड्या? चुंग तेव्हा आपल्या बायकोला महिन्यातून एकदा भेटत होता, तेही गाडी वेळेवर असली तर. त्यालाच ते बोलवेना. बोलले शेवटी खो, आणि बोलून लगेच आजोबांसमोर कान पकडले.

आजोबांना कौल लावला. आजोबा हसले. पुन्हा हसले. सलग हसतच राहिले.

"प्रश्न तर एकच आहे," चुंग कासावीस होऊन म्हणाला. "आजी पलीकडे राहायला गेली तर चालेल का? यात दोन गोष्टी कुठे आहेत?"

दुपारी डबा खाताना त्याने घरी फोन केला आणि बायकोला, आ-म्वेला, सगळं सांगितलं. ती पलीकडे काहीतरी चिरत होती. चिरणं थांबलं.

"एवढे पुरुष जमून कोणाला विचारलंत?"

"आजोबांना."

"राहायला कोण जाणार?"

"आजी."

"मग तिला विचारा की! मला म्याओलीत ठेवताना तुम्ही तुमच्या आईला विचारलं होतंत, तसंच हे. हसतील नाही तर काय करतील आजोबा? ते म्हणत असतील, माझ्या हातात काय आहे बाबांनो."

"तू रागावलीस का?"

"मी मुळा चिरतेय. ठेवा फोन."

संध्याकाळी आजीला कौल लावला. खोंच्या हातून नाही. खोंच्या बायकोने लावला, बायकांनी हट्टच धरला तसा. पहिल्या फेकीला होकार. दुसऱ्या फेकीला होकार. तिसऱ्या फेकीला होकार, आणि तोही चंद्र हातातून सुटायच्या आत पडल्यासारखा. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

"स्वतःचं घर मिळतंय, नाही कशाला म्हणेल!"

"दाढीवाल्याचं घोरणं तरी चुकेल!"

दुसऱ्या दिवशी रुळांच्या पलीकडे बांधकाम सुरू झालं तेव्हा पायाचे दगड थिआमकाकांच्या बागेतून आले.

वीज सोडली त्या दिवशी रेल्वे खात्याची जीप भोंगा लावून गावभर फिरली. आजपासून तारेत वीज आहे, काठ्या, गळ, छत्र्या उभ्या धरू नका. मुलांना भोंगा पाठ झाला. यात्रेच्या सकाळी चुंग पहाटेपासून फाटकात उभा होता, वरिष्ठांना न विचारता. फाटकवाल्याने त्याला दोनदा चहा दिला, तो दोन्हीदा निवला.

पालखी दुपार टळून गेल्यावर आली. पुढे थिआमकाका, कमरेला पट्टा, पट्ट्याच्या खोबणीत बांबू, वर पानं सळसळताहेत. आजोबांच्या दारापाशी ते थांबले. सगळा गाव थांबला. झेंडा हळूहळू खाली आला आणि पूर्ण आडवा झाला. नमस्कार.

मग काका रुळांवर आले आणि तिथे एक गोष्ट घडली जी कोणाच्याच हिशेबात नव्हती. उभा बांबू पट्टा पेलतो. आडवा बांबू हात पेलतात. एरवी आडवा नेण्याची वाट चारदोन पावलांची. इथे दोन रूळजोड्या ओलांडायच्या होत्या. मधोमध काकांचे हात थरथरायला लागले आणि शेंडा खाली जायला लागला. झेंड्याची पानं जमिनीला टेकली तर तो अपशकुन. हे काकांना माहीत होतं, म्हणून त्यांनी शेंडा वाचवायला हात वर घ्यायला सुरुवात केली. शेंडा वर, आणखी वर. वरती तार.

"काका, नको!" चुंग ओरडला. तो होक्लोत ओरडला की हक्कात, ते त्यालाही सांगता येत नाही. तो धावला, पाठ वाकवली, आणि शेंड्याच्या खाली आपला खांदा दिला. सगळी ओली पानं त्याच्या हेल्मेटवरून तोंडावर आली. त्याला काही दिसेना. "चला," तो आतून म्हणाला, "काका, चला, मी धरलंय. खालीच ठेवा. खालीच."

"सरळ चाल रे," काका मागून म्हणाले. "डावीकडे जातोयस."

"मला दिसत नाहीये!"

"तारा बघतोस आयुष्यभर, एकदा जमिनीकडे बघ!"

असे ते दोघे आजीच्या दारापाशी पोचले. झेंड्याने आजीला नमस्कार केला. काकांनी दार ओलांडलं, पट्ट्यात बुंधा बसवला, बांबू सरळ केला. तार मागे राहिली होती. ढोल वाजायला लागले. काका चुंगकडे वळून म्हणाले, "पुढच्या वर्षी टोपी काढून ये. हेल्मेट घालून कोणी देवाच्या पुढे चालतं का?" आणि नाकात गेलेलं पान शिंकरत चुंग म्हणाला, "हो काका." तो पुढच्या वर्षीही आला, त्याच्या पुढच्या वर्षीही. तोवर त्याची बदली दक्षिणेच्या घाटात झाली होती. तिथल्या बोगद्यांनी त्याचे आणखी केस पांढरे केले, पण यात्रेला तो रजा टाकून यायचा आणि बांबूचा शेंडा खांद्यावर घ्यायचा. काका गेल्यावर झेंडा खोंच्या जावयाकडे आला. शेंडा चुंगकडेच राहिला, त्याची गुडघेदुखी सुरू होईपर्यंत.

आता आपल्या दोघांत राहिलेली गोष्ट, चुंग. पहिल्या यात्रेनंतर तू जिन्यात बूट काढत मला म्हणालास, "बाई, आजीला घर मिळालं, पण अंगावर वस्त्र नाही. आजोबांचं आहे." ते खरं होतं. एकच लाल वस्त्र होतं, दोघांच्या खांद्यांवरून घेतलेलं. ते आजोबांकडे राहिलं, आणि खोंच्या बायकोने आजीला तात्पुरतं म्हणून खिडकीच्या पडद्याचं कापड गुंडाळलं. तू म्हणालास, "मी आ-म्वेला घेऊन येतो, विजेच्या गाडीने. तिच्यामुळेच तर झालं सगळं. तुम्ही दोघी यूलीच्या बाजारात जा आणि आजीसाठी चांगलं लाल रेशीम निवडा. मला रंग कळत नाहीत." मी म्हटलं, कधी? तू म्हणालास, "पुढच्या महिन्यात."

मग तिच्या सासूचं आजारपण आलं, मग तुझी बदली, मग माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन. एकदा तुम्ही दोघं आलात तर त्या दिवशी दुकान बंद. यूलीचं ते दुकान अजून आहे. मालकाची सून बसते आता, अर्ध्या दुकानात ती फोनची कव्हरं विकते, पण रेशमाची कपाटं तशीच आहेत. मी एकटी जाऊन आणलं असतं, पण तू दोघींना सांगितलं होतंस. आजी पडद्याच्या कापडात बसली आहे. निळी फुलं आहेत त्याच्यावर, बऱ्यापैकी विटलेली. सकाळची गाडी साडेनऊला इथे थांबते.